माझ्या नावापुढची सही

डोंबिवली,
रविवार, १३ एप्रिल २०२५

चि. रुचिता,

‘चि.’ लिहून जरा थांबले. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच फाडलं असतंस आणि नुसतं ‘रुचिता’ लिहिलं असतं तर तुला ड्युटीचा मेमो वाटला असता. तेव्हा ‘चि.’च राहू दे.

पत्र लिहिते आहे कारण दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. फोन लागत नाही, व्हॉट्सअॅपवर तुझा फोटो दिसत नाही. याला ब्लॉक करणं म्हणतात हे मला कळतं. ठमाबाई तुमच्या टिटवाळ्यातच, तुझ्या बिल्डिंगच्या मागे राहतात, म्हणून हे पत्र त्यांच्या पिशवीतून येईल. वॉर्डातल्या मावशीला टपाल पोचवायला लावते म्हणून मला नावं ठेव, पण त्या आपण होऊन तयार झाल्या.

त्यांच्याकडूनच कळलं, जानेवारीअखेर तुला मुलगी झाली. नाव अंतरा. फार आनंद झाला. वजन किती होतं, दूध नीट पिते का, हे सगळं विचारायचं मनात आहे, पण ते नंतर.

येत्या तीस जूनला मी निवृत्त होते. चौतीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस कल्याणच्या आपल्या हॉस्पिटलात मेट्रन म्हणून. जाता जाता कुणाशी अढी ठेवू नये, असं वाटलं. गेल्या जुलैत आपल्या पुरुष वॉर्डात फ्लू शिरला, चार पेशंटना झाला आणि त्यातले म्हातारे आबा गेले. लसीच्या यादीत एकट्या तुझ्या नावापुढे सही नव्हती, आणि तापही पहिला तुलाच आला. मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर तुला बोलले ते मेट्रन म्हणून बोलले. तू दुसऱ्या दिवशी राजीनामा ठेवून गेलीस.

माझ्या मनात आता काही नाही. मी कुणावर राग धरून बसत नाही, हे तुला माहीत आहेच. तूही धरू नयेस. बाळाला अनेक आशीर्वाद.

सुमेधा मॅडम


डोंबिवली,
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. रुचिता,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर म्हणजे माझ्याच पाकिटात चार घड्या घातलेली एक झेरॉक्स. तुझ्या हातचं त्यावर एक अक्षर नाही.

तुला दिलेला अनुभवाचा दाखला. चष्मा लावून वाचला. शेवटची ओळ माझी आहे: ‘सदर परिचारिकेने संसर्ग-प्रतिबंधक लसीकरणास नकार दिला व त्याचे परिणाम रुग्णांना भोगावे लागले.’ खाली माझी वळणदार सही आणि शिक्का. ही ओळ लिहिताना मला वाटलं होतं की मी कर्तव्य करते आहे. काल वाचताना वाटलं, ही बाई कोण एवढी ठासून लिहिणारी?

मी ठमाबाईंना विचारलं, यावर ती काही म्हणाली का. त्या म्हणाल्या, “काय म्हनंल? दोन हॉस्पिटलं झाली. एकदा गणपतीच्या टायमाला, एकदा आत्ता. दाखला वाचत्यात आन् म्हनत्यात, कळवतो. कळवतो म्हंजी काय, तुमाला बी ठावं हाय.”

मला ठाऊक आहे. मीही अनेकींना ‘कळवतो’ म्हटलेलं आहे.

आणि मग त्या हातातला पोछा तसाच बादलीत ठेवून म्हणाल्या, “सिस्टर, ती पोटुशी होती वो तवा. दुसरा म्हयना. पयलं राह्यलं न्हवतं तिचं. तीन म्हयने झाल्याबिगर कुनाला बोलायचं न्हाई, अशी सासूची ताकीद.”

मी स्टूलवर बसले. ड्युटीच्या वेळात मी बसत नाही, तुला माहीत आहे.

रुचिता, गेल्या वर्षीच्या एकवीस जूनची सकाळ मला आता पुन्हापुन्हा दिसते. ड्युटी बदलतानाचा हँडओव्हर चाललेला, यादी फिरते आहे, आणि तू पेन न घेता ती पुढे सरकवतेस. मी सगळ्यांदेखत म्हणाले, “सुईला घाबरणारी नर्स मी पहिल्यांदाच बघतेय.” सगळे हसले. तू म्हणालीस, “मॅडम, मी आत्ता नाही घेणार. नंतर बघू.” तुझा हात ओढणीखाली पोटाशी होता. चौतीस वर्षं बायकांचे हात कुठे जातात ते बघत आले आणि तुझा दिसला नाही.

तू मला बाजूला घेऊन विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, की गरोदर बाईला ही लस उलट आवर्जून देतात, आईलाही जपते आणि बाळालाही. हे वाक्य मी आधी असंच लिहून ठेवलं होतं, ‘तू विचारलं असतंस तर’. पण विचारायचं मी होतं. ‘का नको?’ एवढे दोन शब्द, दार लोटून. ते सोडून मी विनोद केला.

त्या विनोदाबद्दल माफी मागते. दाखल्याचं बघते.

सुमेधा


डोंबिवली,
रविवार, ११ मे २०२५

चि. रुचिता,

या वेळी पाकीट रिकामंच परत आलं, पण ठमाबाई म्हणाल्या की तू पत्र ठेवून घेतलंस. तेवढं मला पुरे आहे.

‘दाखल्याचं बघते’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना? बघितलं नाही. रोज उद्यावर टाकलं. का टाकलं ते आज लिहायचं ठरवून बसले आहे, आणि तासभर भलतंच लिहून कागद वाया घालवले आहेत. तर थोडं भलतंच आधी वाच.

जूनच्या लसीची तयारी सुरू झाली. दरवर्षीचं नाटक, पात्रंही तीच. लॅबमधला विनीत म्हणतो, “मॅडम, मागच्या टायमाला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ताप आलेला. लस घेऊनच फ्लू होतो यार.” मी त्याला सांगते, बाबा, त्यातला विषाणू मेलेला असतो, मेलेल्याने फ्लू होत नाही, एखादा दिवस अंग दुखतं इतकंच. सलिल सर एवढे मोठे डॉक्टर, हॉस्पिटलचे मालक, यादीत नसतात, पण तेही म्हणतात, “सुमेधाताई, उद्या नक्की.” त्यांचा उद्या चार वर्षांत उजाडलेला नाही. आणि तुझ्या जागी आलेली ऐश्वर्या, गोड पोरगी आहे, ती म्हणाली, “मॅडम, मी कधी आजारीच पडत नाही.”

ते वाक्य माझं आहे.

आता ऐक. आपल्याकडे यादी सकाळीच फिरते. सगळे एका दमात सह्या करतात आणि मग दिवसभरात ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो येऊन टोचून घेतो. बाराच्या आत वर ऑफिसला ‘शंभर टक्के’ कळवायचं असतं, म्हणून ही पद्धत मीच पाडली. सही आधी, सुई नंतर. कोणी टोचून घेतलं आणि कोणी नाही, हे त्या यादीवरून मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी त्या यादीत पहिली सही माझी होती.

तुझ्या नावाचा डोस दुपारीच वर परत गेला होता; संध्याकाळी वॉर्डच्या फ्रिजमध्ये एकच सिरिंज उरली. ती माझी. माझे यजमान त्र्यंबक, तू त्यांना एकदा भेटली आहेस, इथल्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत आयुष्य काढून छाती खराब करून बसलेले. गेल्या वर्षी मे महिन्यात आठ दिवस ऑक्सिजनवर होते. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पावसाळ्याआधी फ्लूची लस द्याच. डोंबिवलीतली सगळी औषधांची दुकानं फिरले. माल संपला, पंधरा दिवसांनी या. आणि इथे माझ्यासमोर एक डोस, माझ्या नावाचा.

मी आइस पॅकभोवती रुमाल गुंडाळला आणि सिरिंज पोळीभाजीच्या डब्यात ठेवली. घरी आले, हात धुतले, त्र्यंबकच्या दंडात टोचली. त्यांनी विचारलं, “मिळाली कुठून?” मी म्हणाले, “ओळखीतून.”

पाच जुलैला दुसरा माल आला. तेव्हा मला घेता आली असती. पण सही झालेल्या माणसाला दुसरा डोस कसा मिळणार? मागायचा तर पहिला कुठे गेला हे सांगावं लागणार. आणि खरं सांगू? फारसं काही वाटलंही नाही. एवढी वर्षं वॉर्डात काढली, मला काय होतंय, मी कधी आजारीच पडत नाही.

त्याच दिवशी मी तुला पुन्हा सगळ्यांसमोर विचारलं होतं, “काय रुचिता, आता तरी?”

म्हणजे त्या यादीत लस न घेतलेल्या दोघी होत्या. तू सही केली नव्हतीस. मी केली होती.

सुमेधा


डोंबिवली,
रविवार, २५ मे २०२५

रुचिता,

मागचं पत्र दिल्यावर पंधरा दिवस मी ठमाबाईंच्या तोंडाकडे बघत होते. या वेळी रिकामं पाकीटही आलं नाही. तू दार लावून घेतलंस तरी मला पुढचं लिहायलाच हवं, कारण अर्धवट कबुली ही खोट्याहून वाईट. अर्धं सांगितलं की माणसाला वाटतं, झालं, मोकळे झालो.

पंधरा जुलैला सकाळी उठले तर घसा धरलेला, अंगात कणकण. पॅरासिटामॉल घेतली, वाफ घेतली आणि ड्युटीवर आले. दोन जणी रजेवर होत्या, मी गेले नाही तर वॉर्ड कोण बघणार, असं स्वतःला सांगितलं. आपल्याकडे आजारी असताना कामावर येण्याचं केवढं कौतुक! मीच कितीदा केलं आहे, तुझंसुद्धा. तुम्हा मुलींना मी म्हणाले, पावसाळी सर्दी आहे.

मास्क होता. पण आबा होते ना.

बाळकुमचे आबा, खुब्याचं हाड मोडून आलेले, ऐंशीच्या पुढचे. कान पार गेलेले आणि मशीन लावायची नाही असा हट्ट. तुला आठवतं, मास्क लावून बोललं की म्हणायचे, “पोरी, तोंड दाखव. मला डोळ्यांनी ऐकू येतं.” जेवायचं नाव काढत नव्हते. मी मास्क हनुवटीखाली ओढायचे, त्यांच्या तोंडासमोर वाकायचे आणि सावकाश म्हणायचे, “आबा, दोनच घास.” मग ते हसायचे आणि खायचे. तीन दिवस मी हे केलं. हे माझं चांगलं काम आहे असं समजून केलं. आणि त्याच तीन दिवसांत तू नर्सिंग स्टेशनवर माझ्या खांद्याला खांदा लावून चार्ट लिहीत होतीस, मधूनमधून माझ्या ग्लासातलं पाणी पीत होतीस.

अठराला तुला ताप आला. एकोणीसला आबांना. सव्वीसला ते गेले.

कोणाकडून कोणाला गेला, हे आता कुठलीच तपासणी सांगणार नाही. नातेवाइकांची येजा होती, बाहेर साथ होती. मी लस घेतली असती तरी मला झाला नसताच, अशी खात्री नाही, लस म्हणजे काही चिलखत नव्हे. हे सगळं मी स्वतःला वर्षभर समजावून पाहिलं. पण तारखा मला वाचता येतात.

तीस जुलैच्या मीटिंगमध्ये सलिल सरांनी विचारलं, “पहिला ताप कोणाला?” माझा खोकला तेव्हाही पुरता गेला नव्हता. तो दाबला आणि तुझं नाव सांगितलं.

हे एक वाक्य लिहायला मला चार पत्रं लागली.

अठराला तू अकरा आठवड्यांची गरोदर होतीस आणि ताप अंगावर घेऊन माझ्यासमोर उभी होतीस. अंतरा सुखरूप आली. ती आली नसती तर मी काय करणार होते, याचा विचार माझ्याने पूर्ण होत नाही.

हे पत्र अर्धं लिहून टेबलावर ठेवलं होतं. त्र्यंबकनी वाचलं. मी लपवलं नव्हतं, बहुधा वाचावं म्हणूनच ठेवलं असेल. माझ्या तापाच्या आठवड्यात आम्ही एका खोलीत झोपत होतो, मी रात्रभर खोकत होते, आणि त्यांना साधी शिंक आली नव्हती. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि दंडाकडे बघत बसले. मग म्हणाले, “सुमेधा, तुझी होती ती?” मी मान हलवली. त्यांनी बाही खाली घेतली आणि म्हणाले, “त्या मुलीला असं सांगू नकोस, की नवऱ्यासाठी केलं. मला तुझं निमित्त करू नकोस.”

तेव्हा तसं सांगत नाही. डोस त्यांच्यासाठी नेला, हे खरं. पण खोटं बोलले ते माझ्यासाठी.

सुमेधा


डोंबिवली,
रविवार, १५ जून २०२५

रुचिता,

सोबतचा कागद आधी बघ. तुझा नवा दाखला आहे. त्यात तुझ्या चार वर्षांच्या कामाचं जे आहे तेवढंच आहे. जोडीला एक वेगळं पत्र आहे, हॉस्पिटलच्या कागदावर, माझ्या आणि सलिल सरांच्या सहीचं: आधीचा शेरा चुकीचा होता आणि तो मागे घेतला आहे. ज्या दोन ठिकाणी तुला ‘कळवतो’ म्हणाले तिथल्या मेट्रनना मी स्वतः फोन केला. एकीने ऐकून घेतलं. दुसरीने, “बघू” म्हणून ठेवला. तिला पुन्हा करणार आहे.

आता झालं कसं ते. नऊ तारखेला मी सलिल सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, “सुमेधाताई, तीस तारखेला तुमचा निरोप समारंभ आहे, बॅनर छापायला गेलाय. कशाला आता हे? दाखला मी गुपचूप बदलून देतो. कुणाला कळणार नाही.”

मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवते, म्हणजे तू मला फार मोठी समजणार नाहीस. केबिनबाहेर येऊन जिना उतरेपर्यंत हायसंच वाटत होतं. खाली ठमाबाई लादी पुसत होत्या. माझ्याकडे वर न बघता म्हणाल्या, “झालं का तिचं काम?” मी म्हणाले, “होईल गुपचूप.” त्या म्हणाल्या, “तिला तर चव्हाट्यावर बोललेलं.”

दुसऱ्या दिवशी दहा तारीख, लसीचा दिवस. हँडओव्हरला सगळे जमले, यादी फिरायला निघाली. मी ती हातात घेतली आणि बोलले. डबा, आइस पॅक, आबा, मास्क, मीटिंग, सगळं. पुरुष वॉर्डातला एक पेशंट कॉटवरून मान वर करून ऐकत होता, त्याला वाटलं असेल भांडण चाललंय.

मग विनीत म्हणाला, “मॅडम, माझी पण मागच्या वर्षीची... मम्मीला नेऊन दिलेली. तापाचं मी असंच बोलायचो, कोणी विचारू नये म्हणून.” मग ओपीडीतल्या एकीने हात वर केला, तिने सासऱ्यांना. पाच जण निघाले, रुचिता. पाच डबे! आणि आम्ही वर कळवत होतो शंभर टक्के.

आणि दाराशी उभ्या ठमाबाई म्हणाल्या, “आमचं काय? आमाला तर यादीतच धरत न्हाईत.” मला लाज वाटली. ठेक्यावरच्या अकरा मावश्या, पेशंटचं सगळं त्याच काढतात, आणि एकीचंही नाव एकोणीस वर्षांत माझ्या यादीत नव्हतं.

आता सुई आधी, सही नंतर, आणि सही टोचणाऱ्याचीही. मावश्यांची नावं आली. घरी कोणी आजारी, म्हातारं असेल त्याचं नाव वेगळ्या कागदावर द्यायचं, त्यांच्यासाठी हॉस्पिटल लस मागवेल. डबा न्यायची वेळ कोणावर येऊ नये. सलिल सर मागे उभे होते, त्यांनी बाही वर केली. चार वर्षांनी उजाडलं.

मला त्यांनी त्याच दुपारी वॉर्डातून काढून तळमजल्यावर बसवलं. चौकशी होईल, पेशंटशी संबंध नको म्हणाले. बरोबरच आहे. समारंभ रद्द झाला. बॅनर आला होता, ठमाबाईंनी तो घरी गळती लागते तिथे लावायला नेला.

शनिवारी बाळकुमला गेले, आबांची सून मालन हिला भेटायला. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग उठून आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग चहा घेऊन आली, पण बसली नाही. म्हणाली, “तुम्ही तोंड दाखवायचात म्हणून ते तुमच्या हातचं जेवायचे. आम्ही भेटायला आलो की तेच सांगायचे.” रागावली की नाही, मला कळलं नाही. तिची लहान मुलगी दाराआडून बघत होती. चहा पूर्ण प्यायले, कारण टाकून जाणं बरं दिसलं नसतं, आणि निघाले.

हे तुला सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं. उत्तराची अपेक्षा नाही, असं लिहायची रीत आहे. पण मला अपेक्षा आहे.

सुमेधा


डोंबिवली,
रविवार, २२ जून २०२५

रुचिता,

ठमाबाई म्हणाल्या, दाखला हातात घेऊन तू दारातच उभी राहून वाचलास, आणि मग आत जाऊन बाळाला घेऊन आलीस आणि त्यांच्या मांडीवर दिलंस. मला त्यांचा फार हेवा वाटला.

एक मागायचं आहे. नवीन यादीत सगळ्यांच्या नावापुढे दोन-दोन सह्या झाल्या. एकच जागा रिकामी आहे, पहिल्या ओळीतली, माझी. डोस फ्रिजमध्ये ठेवला आहे, माझं नाव चिकटवून. कुणीही दिला असता, पण माझ्याने हात पुढे होत नाही. मला तो तुझ्या हातून घ्यायचा आहे. तीस तारखेपर्यंत मी तळमजल्यावर आहे. तू आलीस तर बरं. नाही आलीस तर त्या दिवशी ऐश्वर्याकडून घेईन आणि घरी जाईन.

सुमेधा


टिटवाळा,
२४ जून

मॅडम,

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर चुकलं. तुमची सगळी वाचली. पहिलं वाचून एवढा राग आलेला की माझा नवरा सर्वेश म्हणाला, गॅसवर धर. मग पुढची येत गेली.

माफ केलं असं लिहीत नाही, कारण ते अजून झालेलं नाही. त्या मीटिंगनंतर मी कल्याण स्टेशनच्या बाकड्यावर दोन तास बसलेली, घरी काय सांगू म्हणून. आबा माझ्यामुळे गेले असं मला वर्षभर वाटत होतं. प्रसूतीच्या टेबलावरपण वाटलेलं. हे तुम्हाला माहीत पाहिजे म्हणून लिहिलं.

लस मी सहाव्या महिन्यात घेतली. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरने मला खुर्ची दिली, नको का वाटतंय विचारलं, आणि नीट समजावलं. दहा मिनिटं लागली तिला.

पण तुम्ही दहा तारखेपासून बिना लसीच्या बसलात, हे काय आहे? घरी काका तसे, बाहेर पाऊस, आणि तुम्ही माझी वाट बघताय? कमाल आहे तुमची. मॅडम, चूक कबूल करतानापण तुम्ही अजून एक चूक करून ठेवता. तीस तारखेपर्यंत थांबायचं नाही. मी परवा, गुरुवारी अकरा वाजता येते. मीच देणार, कारण तुमच्या सहीवर माझा विश्वास राहिलेला नाही. सुई आत गेलेली मला डोळ्यांनी बघायचीय. त्यानंतर सही करा.

अंतराला गुरुवारी आणणार नाही. ती पाच महिन्यांची आहे, तिला अजून देता येत नाही, आजूबाजूच्या माणसांनीच घ्यायची असते. आणि टोचल्यावर लागू व्हायला दोन आठवडे लागतात, हे तुम्हीच आम्हाला पाठ करून घेतलेलं. तर गुरुवारपासून मोजा. तेरा जुलैला रविवार आहे. घरात कोणाला सर्दी नसेल तर मी तिला घेऊन डोंबिवलीला येते. असेल तर खरं सांगा, मी नंतर येईन.

त्या दिवशी मास्क लावू नका. ती तोंड बघून हसते.

रुचिता